एकवीस आठवडे, चार दिवस

अण्णा नगरातल्या आमच्या इमारतीत संध्याकाळच्या फेऱ्या झाल्या की आम्ही चार-पाच बायका जिन्याजवळच्या बाकांवर बसतो. एके दिवशी वर्तमानपत्रात बातमी होती की गर्भपाताची कायदेशीर मुदत उलटल्यावर एक बाई परवानगीसाठी न्यायालयात गेली आहे. मी आवडी या उपनगरातल्या शाळेत अनेक वर्षे गणित शिकवले, त्यामुळे कोणताही नियम समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे येते. मी सांगितले: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, वीस ते चोवीस या काळात दोन डॉक्टरांचे लागते आणि तेही ठरावीक कारणांसाठीच, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय देते.

"चोवीस म्हणजे सहावा महिना!" बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारीणबाई म्हणाल्या. "तोवर बाळ लाथा मारू लागतं. वीस पुष्कळ झाले."

"आणि पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये काही निघालं तर?" वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई उसळल्या. "तुमच्या बँकेसारखी चारला खिडकी बंद करायची? मी म्हणते, मुदतच नको."

माझे मत विचारले गेले. मी म्हणाले, मर्यादा कुठेतरी आखावीच लागते. परीक्षेची घंटा झाली की उत्तरपत्रिका गोळा होतात, कोणाचे शेवटचे गणित राहिले आहे हे पाहत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते उत्तर पूर्ण वाटले होते.

पुढच्याच महिन्यात माझ्या मुलीच्या स्कॅनमध्ये बाळाच्या हृदयात दोष दिसला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला नोकरी करते आणि तिथेच राहते. हृदयाच्या खास तपासणीनंतर तज्ज्ञ म्हणाले की जन्मानंतर शस्त्रक्रिया कराव्या लागतील, दोन किंवा तीन. मूल तगेल का आणि तगले तर कसे जगेल, हे आज निश्चित सांगता येत नाही. चोवीस आठवड्यांच्या आत ठरवले तर दोन डॉक्टरांच्या मतावर काम होईल. नंतर मंडळाकडे जावे लागेल, आणि मंडळ या दोषाला गंभीर मानेल की नाही, याची खात्री नाही.

"आई, माझ्याकडे किती दिवस आहेत?" तिने विचारले. लहानपणापासून आकड्याची गोष्ट ती मलाच विचारते.

रिपोर्टवर दोन नोंदी होत्या. वर शेवटच्या पाळीची तारीख. खाली, पहिल्या स्कॅनवरून काढलेले गर्भाचे वय, आणि त्यापुढे "अंदाजे". दिलेली किंमत हाताशी असताना अंदाजे किंमत घेऊ नये, असे मी मुलांना शिकवत आले. मी वरची तारीख घेतली, कॅलेंडरवर आठवडे मोजले आणि सांगितले, "आज एकवीस आठवडे चार दिवस. म्हणजे सतरा दिवस आहेत. शांतपणे विचार कर." दुसऱ्या एका हृदयतज्ज्ञाची वेळ दहा दिवसांनी मिळत होती. तीच घे, असेही मीच म्हणाले.

जावई तिला म्हणाला, "तू ठरवशील ते." तो एवढेच म्हणतो याचा तिला राग येत होता, आणि तो काही वेगळे म्हणाला असता तरी आला असता.

विहीणबाई आल्या. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे. त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत तमिळ सहज मिसळते. "टीचरम्मा, माझ्या मामाच्या लेकीस तिच्या बाळाविषयी असंच म्हणाले होते डॉक्टर. आज दोन लेकरांची आई आहे ती. जन्मल्यावर ऑपरेशन होतं म्हणतात, मग घाई कशाला?"

"अम्मा, घाई मी नाही करत आहे," मुलगी म्हणाली.

"सरी, सरी, बरं बाई. मी काही बोलले नाही," असे म्हणून त्या उठल्या आणि तिच्यासाठी भात कालवू लागल्या.

त्या दिवसांत मी बाकावर, कोणाची गोष्ट ते न सांगता, हाच प्रश्न मांडला. बँकेच्या बाई म्हणाल्या, "इतकं दुखणं घेऊन मूल यायचं असेल तर आईला हवा तेवढा वेळ द्यावा. आठवडे कसले मोजता?" आणि मुदतच नको म्हणणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "ऑपरेशनने बरं होण्यासारखं असेल तर ठेवावं हो. मी अशी पोरं पळताना पाहिली आहेत." माझे स्वतःचे मत मी शोधले, सकाळी एक असे, दुपारी दुसरे.

सहा दिवसांनी आम्ही तिच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, "तुमचं ठरलं ना? तीनच दिवस आहेत."

"अकरा," मी म्हणाले.

त्यांनी सौम्यपणे समजावले. पहिल्या स्कॅनमधले वय पाळीच्या तारखेपेक्षा आठ दिवसांनी पुढे होते, आणि सुरुवातीचे स्कॅन अधिक अचूक असते, म्हणून तेच धरायचे असते. शिवाय पाळीपासून मोजलेल्या पहिल्या दोन आठवड्यांत तर गर्भ नसतोच. मी चोवीस ही ठोस संख्या समजत होते. ती कुठून मोजायची हेच मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या तज्ज्ञांकडे आम्ही लगेच फोन केला. ते बाहेरगावी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीने रुग्णालयात जायचे ठरवले. दोन डॉक्टरांनी आपले मत लिहिले. संमती फक्त तिची लागत होती. आम्हां दोघी आयांच्या सहीला त्या कागदावर जागा नव्हती. विहीणबाई बाहेरच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसून राहिल्या.

घरी आल्यावर आठवडाभराने मी मुलीची क्षमा मागितली. मी म्हणाले, खालची नोंद वाचली असती तर त्या तज्ज्ञांची वेळ आधी मिळवता आली असती.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "ते म्हणाले असते की मूल जगेल, तर मी ठेवलं असतं का?" ती म्हणाली. "कदाचित. कदाचित तरीही नाही. मला कळत नाही, आई. तुला कळतं का?"

"नाही," मी म्हणाले.