उरलेल्या गोळ्या

दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून आधी बंद मूठ यायची, मग काकींचा चेहरा. "धर. उरलेल्यो गोळ्यो फुकट घालवच्यो कित्याक?"

मिठबावातल्या आमच्या या शेजारच्या काकींकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. कोणाच्या तापातल्या, कोणाच्या दाढदुखीतल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या त्यात जमत. वाडीत कोणाचं पोट बिघडलं की काकी दोन लाल, एक पिवळी देऊन येत. सोबत गरम पेजही. तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल. तिला नको म्हणणं किती अवघड, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि मी, ऐंशीच्या त्या दशकात, एका लहानशा इस्पितळात याच लोकांच्या शौचाचे नमुने तपासत होतो. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, वर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. औषध लागू असेल तर टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ दिसतं. वर्षागणिक माझी वर्तुळं नाहीशी होत होती. डॉक्टर अहवाल बघून "बरं" म्हणत आणि तेच जुनं औषध लिहीत. नुसती चिडचिड व्हायची.

एकदा काकींना बसवून समजावलं. अर्धवट औषधाने चिवट जंतू तेवढे मागे राहतात. शिवाय औषधाला दाद न देण्याचा गुण जनुकांच्या बारीकशा तुकड्यात असतो, आणि पोटातला एक जंतू तो तुकडा दुसऱ्याला, अगदी परक्या जातीच्या जंतूलाही, देऊन टाकतो.

काकींनी लक्ष देऊन ऐकलं. "मगे ते जंतू बरे रे. शेजाऱ्याक देतत तरी."

मी कपाळाला हात लावला.

पुढच्या वर्षी काकींनाच रक्ताची आव लागली. त्यांच्या बशीत एकाच टिकलीभोवती वर्तुळ होतं, आणि ते औषध जवळपास कुठे मिळेना. कोल्हापूरहून मागवलं, तळेऱ्याला जाऊन एसटीतून स्वतः उतरवून घेतलं. देताना माझ्या लहान मुलीचा विषय काढून मुद्दाम घाबरवलं, "काकी, ह्यां एकच औषध उरलां हा. ह्यां वाया गेलां तर उद्या माझ्या चेडवाक कायच लागू पडाचां नाय. सगळ्यो संपव."

तिसऱ्या दिवशी काकी उठून बसल्या. मी रोज विचारायचो, "घेतलंस मां?"

"घेतलंय रे. किती इचारतंस?"

दहाव्या दिवशी दुखणं उलटलं. पुन्हा गोळ्या यायला चार दिवस लागणार होते. काकी दोनच दिवस टिकल्या.

बाराव्यानंतर त्यांची सून गडग्यापाशी आली. हातात तोच डबा. आत फक्त एक कागदाची पुडी, तिच्यात कोल्हापूरच्या आठ गोळ्या.

"तुमच्या चेडवासाठी ठेवलेल्यो. दुसऱ्या कोणाक दिव नको म्हणान सांगल्यानी."

माझं कोणी ऐकत नाही म्हणून मी वर्षानुवर्षं चिडत होतो. काकींनी माझं एकच वाक्य मनावर घेतलं, तेही नेमकं ते.

मुलीला त्या गोळ्या कधी लागल्या नाहीत. त्यांची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. डबा माझ्या कपाटात आहे आणि मला त्या टाकवत नाहीत.