उतारावरची मांडी

माझं तिसरं पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात आलं तेव्हा मी लान्स नाईक होतो. ट्रेड ड्रायव्हर, वय सव्वीस. पोस्टचं नाव लिहिणार नाही, आमच्यात ते लिहीत नाहीत. उंची एवढी की डाळ शिजायला कुकरच्या दहा-दहा शिट्ट्या लागायच्या. माझं नाव अंकुश तांदळे. गाव नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड. हवालदार म्हणून रिटायर झालो.

हे सगळं मी यंदा पंधरा ऑगस्टला गावात माइकवर सांगणार होतो. शाल, नारळ, फेटा, सगळा बेत होता. मला बर्फात गाडी शिकवणाऱ्या रफिक उस्तादचं नाव घेऊन मी दोनच वाक्यं बोललो, तोच संयोजक कानाशी आले. "फौजी, तो अपघात होता हो. गोळीबिळी न्हाई लागली त्यांना. तुमी तुमचं सांगा की. जवानाचा जीव कसा वाचवला ते सांगा." मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि स्टेजवरून खाली उतरलो. लोक म्हणाले, फौजीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. म्हणून आता लिहून काढतोय. इथं माझ्या हातातून माइक कोणी घेणार नाही.

आधी गाडीचं सांगतो. गाडी कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

आमची गाडी 'ढाई टन', फोर बाय फोर. केबिनमध्ये दोन दांडे. एक रोजचा गिअरचा, दुसरा त्याच्या शेजारी, आखूड. चांगल्या रस्त्यावर आखूड दांड्याला हात लावायचा नाही, ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. बर्फ किंवा चिखल लागला की थांबायचं आणि तो दांडा 'फोर लो'ला टाकायचा. मग चारी चाकं ओढतात. गाडी नांगराच्या बैलासारखी सावकाश चालते. उतारावर पहिला गिअर, फोर लो, आणि दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. बर्फावर ब्रेक दाबला तर चाक जाम होऊन घसरतं. क्लच दाबला तर इंजिनची पकड सुटते आणि गाडी मोकाट सुटते. एवढंच शास्त्र आहे, पण ते पायात मुरायला लई वेळ लागतो.

बीडच्या ड्रायव्हरला तर जास्तच लागतो. भरती होण्याआधी दोन वर्षं मी काळी-पिवळी जीप चालवली, नांदूरघाट ते बीड, नेकनूरवरून. मांजरसुंब्याचा घाट लागला की आम्ही सगळे ड्रायव्हर एकच करायचो. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रल करायचा आणि गाडी द्यायची सोडून. डिझेल वाचतं, मालक खूश. जो न्यूट्रल मारत नाही त्याला आम्ही शिकाऊ म्हणायचो. मी तर तंबाखू मळत घाट उतरायचो, आणि त्याचा मला मोठा तोरा होता. उतार दिसला की डावा पाय आपोआप क्लचवर जायचा. डोक्याला विचारायचाच नाही.

हवालदार रफिक शेख हे आमचे एम.टी. उस्ताद. म्हणजे युनिटच्या सगळ्या गाड्या आणि सगळे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली. नवीन ड्रायव्हर आला की तीन आठवडे त्यांच्या तावडीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका उतारावर गाडी न्यायला लावली. शेजारी बसून ते रस्त्याकडे बघतच नव्हते, माझ्या पायाकडे बघत होते.

"बीडचा का बे तू?"

मी चाट पडलो. तोवर मी नावही सांगितलं नव्हतं.

"क्लच कावून दाबला? मांजरसुंबा हाय का हा?" आणि मग हसले. "मी बी बीडचाच हाय. बाप मेकॅनिक. न्यूट्रल मारून आलेल्या गाड्या लई उचलल्यात आमी घाटातून."

त्यांच्याकडे याच्यावर एकच इलाज होता. उतार सुरू व्हायच्या आधी ते हुकूम सोडायचे, "मांडी घाल." डावा पाय उचलायचा, सीटवर घ्यायचा आणि त्याच्यावर बसायचं. पाय क्लचपर्यंत पोचायलाच नको. उतार संपेपर्यंत पाय खाली आला तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या एकट्यानं धुवायच्या. पंजाबचे, बिहारचे ड्रायव्हर हसून हसून लोळायचे. पंगतीला बसल्यासारखा मी ट्रक चालवायचो आणि मनातल्या मनात उस्तादला शिव्या घालायचो. तीन आठवड्यांनी ते म्हणाले, "बरा झालास. पण बर्फ असला की मांडी घालायचीच. पाय लई बेइमान असतो."

पाच महिन्यांनी तो दिवस आला.

०५:३० ला फर्स्ट परेड झाली. तेल, पाणी, हवा, बॅटरी, टायरच्या साखळ्या. रात्रभर बर्फ पडून थांबला होता. ०९:४० ला डॉक्टर साहेब लंगरच्या, म्हणजे आमच्या भटारखान्याच्या, बाहेर मेजर साहेबांशी बोलत होते. शिपाई बिशन, वय बावीस, फुप्फुसात पाणी झालं होतं. उंचीवर होतं असं, धडधाकट माणसाला होतं. त्याचे ओठ निळे पडले होते. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. दुपारी तीनच्या आत खालच्या हॉस्पिटलला पोचला तर वाचेल, असं डॉक्टर साहेबांनी स्पष्ट सांगितलं. ऑक्सिजनही तेवढाच होता.

मेजर साहेब म्हणाले, "रास्ता बंद है, उस्ताद."

उस्ताद सावधानमध्ये उभे होते. "रास्ता बंद है साब. गाडी चालू है."

"को-ड्रायव्हर कौन जाएगा?"

"मैं. गाडी अंकुश चलाएगा."

मेजर साहेबांनी वायरलेस सेट मागवला. मग म्हणाले, "हर मोड पे वायरलेस करना."

१०:२५ ला निघालो. मागे स्ट्रेचरवर बिशन आणि त्याच्याजवळ नर्सिंग असिस्टंट. मी स्टिअरिंगवर. उस्ताद पायी, गाडीच्या चार पावलं पुढे, हातात काठी आणि एक लाकडी ठोकळा. बर्फाखाली रस्ता कुठं संपतो ते काठीनं चाचपायचे आणि हातानं मला खुणा करायचे. निघण्याआधी त्यांनी खिडकीतून आत डोकावून सांगितलं, "मांडी घाल."

मी म्हणालो, "उस्ताद, आठ वर्षं झाली मला स्टिअरिंगवर. शिकाऊ न्हाई मी आता."

मागे नर्सिंग असिस्टंट बघत होता. त्याच्यासमोर पंगतीला बसल्यासारखं बसायची मला लाज वाटली. खरं कारण हे आहे. दुसरं काही नाही.

उस्ताद म्हणाले, "बरं बे, शाना." आणि पुढे झाले. त्यांनी हुकूम करायला पाहिजे होता, असं नंतर पुष्कळ जण मला म्हणाले. त्यांच्यावर ढकलू नका. हुकूम त्यांनी केला होता, मी तो मोडला.

चार वळणं नीट उतरलो. प्रत्येक वळणावर वायरलेस. "मोड चार पार. पेशंट ठीक. ओव्हर." पाचव्या वळणावर बर्फाखाली काचेसारखा गोठलेला थर होता. १३:०५. मागची चाकं कडेला सरकली, फार नाही, हातभर. फोर लोमध्ये गाडी आपोआप सावरली असती. काही करायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

माझा डावा पाय क्लचवर गेला.

इंजिनची पकड सुटली आणि गाडी धावली. उस्ताद ओरडले, "पाय काढ!" डोंगराच्या बाजूला एक उडी मारली असती तर ते वाचले असते, जागा होती. त्यांनी उडी दरीच्या बाजूला मारली, कारण पुढचं चाक त्या बाजूनं चाललं होतं. ठोकळा दोन्ही हातांनी चाकाखाली कोंबला. चाक त्याच्यावर चढलं आणि अडकलं. मी पाय काढला, इंजिननं धरलं, गाडी उभी राहिली. उस्ताद ज्याच्यावर उभे होते तो रस्ता नव्हता, नुसता बर्फ होता. तो तुटला. त्यांनी हाकसुद्धा मारली नाही.

हँडब्रेक ओढून मी खाली उतरलो, पोटावर झोपून कड्यावरून बघितलं. पांढऱ्याशिवाय काही दिसलं नाही. मी बोंबललो, उस्ताद, उस्ताद. मागून नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "सिलिंडर संपत आलाय, भाई." मी वायरलेस उचलला.

"मोड पाच. उस्ताद नीचे गए. ओव्हर."

मग मेजर साहेबांचा आवाज. "पेशंट को लेकर आगे बढ़ो. हम आ रहे हैं. ओव्हर."

रिव्हर्स लो टाकून गाडी हातभर मागे घेतली. ठोकळा उचलून केबिनमध्ये ठेवला. पहिला गिअर, फोर लो. क्लच सोडला. मग डावा पाय उचलून सीटवर घेतला आणि त्याच्यावर बसलो. पुढे खुणा करायला कोणी नव्हतं. उरलेली सहा वळणं मी मांडी घालून उतरलो, रडत उतरलो, आणि पाय एकदाही खाली आला नाही. १४:३५ ला हॉस्पिटलच्या दारात गाडी लावली. बिशन वाचला. आज त्याच्या गावात त्याचं किराणा दुकान आहे, दोन पोरं आहेत. दिवाळीला फोन करतो.

उस्ताद तिसऱ्या दिवशी सापडले.

चौकशी बसली. मी सांगितलं, "साब, मेरा पाँव था." लिहून घेतलं. निकाल आला की बर्फाचा कडा तुटला, ड्रायव्हरची चूक नाही. वर मला शाबासकीचं कार्ड मिळालं. ते मी ट्रंकेच्या तळाला टाकलं, अजून तिथंच आहे. नशिबात होतं म्हणणारे भेटतात मला अजून. नशिबाला पाय नसतात हो. क्लच मी दाबला होता.

पहिल्या सुट्टीत बीडला त्यांच्या घरी गेलो. उस्तादची अम्मी, वहिनी आणि दाराआड तीन वर्षांची नसरीन. मी अम्मींना सगळं सांगितलं. मांडीचं, लाजेचं, क्लचचं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खरं सांगायला आलास, ते लई झालं. आता परत येऊ नको." मी गेलो नाही. सोळा वर्षं त्या गल्लीतून गेलो नाही. बीडला काम असलं तरी लांबून वळसा घ्यायचो.

रिटायर झाल्यावर मी एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली आणि गाडी शिकवायला लागलो. गेल्या महिन्यात दारात एक पोरगी उभी. उंच, कपाळ थेट उस्तादचं. म्हणाली, "मी नसरीन, रफिक शेखांची. मला गाडी शिकवा, चाचा. मामू म्हणतात, ऑटोमॅटिक घे, पोरीच्या जातीला गिअर कशाला. मला गिअरचीच शिकायचीय."

म्हणालो, "बेटा, तुला माहीत न्हाई. तुझ्या अब्बाचं..."

"दादीनं सगळं सांगितलंय."

"तरी आलीस?"

"तिनंच पाठवलं. म्हणाली, त्याच्याकडंच शिक. पाय कुठं ठेवायचा ते त्याच्याइतकं कोणाला कळलं न्हाई."

मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

मागच्या मंगळवारी तिला नारायणगडावर नेलं. आडवार, भाविकांची गर्दी नव्हती. गडाच्या मागं एक कच्चा उतार आहे, खडी आणि माती, तो मी शिकवायला धरलाय. वर गाडी थांबवून तिनं आखूड दांडा फोर लोला टाकला, पहिला गिअर घेतला, क्लच सोडला. गाडी हलली. मी तोंड उघडायच्या आत तिनं डावा पाय उचलला, सीटवर घेतला आणि त्याच्यावर बसली. चहाच्या टपरीवर दोघं जण उभे होते.

"बघ बे, पोरगी मांडी घालून बसली. पूजा हाय का काय!"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पूजा न्हाई, फोर लो हाय. दम असला तर तुमी या उतरून!" टपरीवाला हसायला लागला.

मध्यावर खडी सरकली. जीप मागून हातभर कडेला गेली. माझ्या तोंडात शब्द आला होता, पाय काढ. मी खाली बघितलं. पाय तिथं नव्हताच. तिनं स्टिअरिंग नुसतं धरून ठेवलं, इंजिन घुमलं, गाडी आपोआप सावरली आणि सावकाश खाली आली.

खाली तिनं गाडी बंद केली. पाय मोकळा करत, चोळत विचारलं, "चाचा, अब्बांनी असं किती जणांना शिकवलं?"

"कोण मोजतंय? सगळ्या युनिटला. त्यांची शेवटची शिकाऊ तू."

तिनं रागानं माझ्याकडे बघितलं, अगदी उस्तादसारखं.

"शेवटची कावून? मी शिकवीन की पुढं."