न वाचलेल्या चार ओळी

मागच्या महिन्यात ऑफिसात असताना बायकोचा फोन आला. "अरे, वॉल्टरकाका गेले. पहाटे, झोपेतच." मी मीटिंगमधून उठून आलो होतो, फोन ठेवला आणि निमूट परत आत जाऊन बसलो. पार्किंगमध्ये गाडीत शिरल्यावर मात्र रडू फुटलं. ते जितकं दुःखाचं होतं, तितकंच लाजेचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नुसता कौतुकाचा लेख लिहायला मला तोंड नाही.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आम्ही राहायला आलो तेव्हा समोरच्या घरात ते एकटेच असायचे. पंचाहत्तरीचे, बायको गेलेली, नजर जवळजवळ संपलेली. भारतीय म्हणजे कॉम्प्युटरवाला, अशा ठाम समजुतीनं त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला मशीन दुरुस्त करायला बोलावलं, आणि दर शनिवारी सकाळी त्यांचे मेल वाचून दाखवणं माझ्या गळ्यात पडलं. मेल असायचे बोटीवरच्या सोबत्यांचे. एकोणिसाव्या वर्षी, दुसऱ्या महायुद्धात, काका ओकिनावाजवळ एका विनाशिकेवर तोफ चालवत होते. एका दुपारी जपानी आत्मघाती विमानं एकामागून एक आली. दोन पाडली, तिसरं सरळ त्यांच्या तोफेवर आदळलं. सात जणांतले दोघं वाचले, काका आणि एडी. एडीनंच त्यांना कॉलर धरून आगीतून ओढून काढलं होतं. म्हणून दर शनिवारी फर्मान ठरलेलं, "आधी एडीचा वाच."

मग न्यूयॉर्कचे ते टॉवर पडले आणि मेलची भाषाच बदलली. तेव्हाही असलेच वेडे, आताही असलेच, इथून सुरुवात. मग पगडीवाले, दाढीवाले, सगळेच सावळे लोक... एडी सगळ्यांच्या पुढे. इकडे बायकोला ग्रोसरीच्या रांगेत एकानं 'गो होम' ऐकवलेलं, आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं, आणि मी काकांची कॉफी पीत स्वतःलाच शिव्या वाचून दाखवू? मी गाळायला लागलो. "एडी हल्ली फारच थोडं लिहितो रे," काका म्हणायचे. "बिझी असेल," मी ठोकून द्यायचो.

दोनेक वर्षांनी एडीचा एक मेल आला. सुरुवातच अशी, की या लोकांना बोटीत भरून समुद्रात बुडवा. माझं डोकंच सटकलं. खाली न बघता डिलीट केला आणि म्हणालो, "आज एडीचं काही नाही."

पाच आठवड्यांनी एडीच्या मुलीचा काकांना फोन. एडी गेला, मेल पाठवल्यापासून वॉल्टर येतोय का, असं शेवटपर्यंत विचारत होता. काकांनी मला बोलावून घेतलं. मी सगळं कबूल केलं. ते ओरडले नाहीत. "अजून कुठे आहे का तो?" डिलीट केलेल्यांत पडला होता. "वाच. सगळा." शिव्यांसकट वाचला, आणि त्यांच्याखाली, मी न बघितलेल्या चार ओळी. डॉक्टर म्हणतात, महिनाभर. येऊन जा. त्या दिवशी माझ्या एका हातात तू होतास, दुसऱ्यात हॅरी, आणि मी हॅरीला सोडलं. मी बरोबर केलं का, हे तुझ्या तोंडून ऐकायचंय.

काका म्हणाले, "जन्मभर हे उरावर घेऊन फिरला. मी जाऊन फक्त हो म्हणायचं होतं. शिवीही त्याचीच होती, निरोपही त्याचाच. काय ऐकायचं ते मी ठरवलं असतं ना?"

"काका, ती शिवी मला होती."

"माहीत आहे. तिथं जाऊन मी त्याला त्याबद्दल फैलावरही घेतलं असतं."

पुढे ते दिसले की हात करायचे, आमच्या मुलीच्या वाढदिवसाला केक आणायचे, पण शनिवारी बोलावणं आलं नाही. मीही गेलो नाही. वाचून दाखवायला दुसरं कोणी मिळालं असेल, अशी स्वतःची समजूत घातली. एडी भला माणूस होता असं मला आजही वाटत नाही. ती घाण गाळल्याचा पश्चात्तापही नाही. खाली बघितलं नाही, याचा आहे, आणि तो मरेपर्यंत राहणार.

अंत्यविधीनंतर त्यांची पुतणी म्हणाली, "बोटीवरच्या लोकांना तुम्हीच कळवा ना, प्लीज. त्यांचा ग्रुप तुम्हालाच माहीत." मी मशीन सुरू केलं. पासवर्ड मीच ठेवलेला, तोच होता. समोर तीन वर्षांचे मेल, सगळे ठळक अक्षरांत. एकही उघडलेला नाही. काकांनी दुसऱ्या कोणालाच बोलावलं नव्हतं. आणि मी समोरच राहत होतो.