फक्कीत आखलेलं घर

मुंजाजीकाकांनी घराचा नकाशा कुणाकडून काढून घेतला नाही. तो त्यांच्या पायांतच होता.

तीस वर्षं पिंगळी स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरात राहिलेला हा माणूस. गँगमन. दिवसभर रुळावरून हातोडा घेऊन चालायचं आणि संध्याकाळी त्याच रुळाकडं तोंड करून व्हरांड्यात बसायचं, जणू नजर हटली की कुणी तो उचलून नेईल. रिटायर झाल्यावर ते पाथरीकडं आमच्या गावी, बापजाद्याच्या मोकळ्या जागेवर घर बांधायला आले, तेव्हा अख्ख्या गल्लीनं नकाशे सुचवले. कुणी म्हणालं, परभणीतल्या वकिलासारखं बांधा, वर गच्ची टाका. कुणी म्हणालं, मधी चौक सोडा. काकांनी प्रत्येकाला मान डोलावली आणि एका सकाळी चुन्याची फक्की घेऊन चक्क डोळे मिटून चालू लागले.

“हे दार. हितं वळलं की खोली. हितं चूल.” एका जागी त्यांनी मान खाली घातली. क्वार्टरातल्या न्हाणीची चौकट बुटकी होती म्हणे. चौकट नव्हती, भिंत नव्हती, तरी काका वाकले आणि फक्की सांडत पुढं गेले.

डोळे उघडले तेव्हा जमिनीवर क्वार्टर उमटलं होतं.

त्या आठवड्यात नामांतराच्या बंदमुळं एसटी बंद होती, म्हणून परभणीचा चंद्रभान गवंडी यायचा राहिला आणि घर तसंच फक्कीत नांदू लागलं. दुपारच्या उन्हात त्या पांढऱ्या रेघा जमिनीपासून थोड्या वर तरंगायच्या. काका जेवून यायचे, दारातून आत शिरायचे, खोलीत लिंबाच्या सावलीत आडवे व्हायचे. झोपेत त्यांचं अंग हलकं हलायचं. त्यांच्या आतून बहुधा एखादी पॅसेंजर जात असावी. गल्लीलाही हळूहळू ते घर दिसायला लागलं. आम्ही बोलत बोलत भिंतीतून आरपार निघालो तर काका झोपेतूनच ओरडायचे, “दारातून या रे!” शेळ्या तेवढ्या ऐकत नसत.

पण नर्मदाकाकूला या घरात पहिल्याच दिवशी खोट दिसली.

“अवो, ह्या घराला तोंड कुठाय?”

“हे काय, हिकडं.” काकांनी शिवाराकडं बोट केलं.

“तिकडं तर तुरी हायत.”

“व्हरांडा मावळतीलाच असतोय.”

“कोन म्हन्लं?”

“रेल्वे.”

क्वार्टरात रूळ मावळतीला होता, म्हणून व्हरांडा मावळतीला होता. आमच्या गावात मावळतीला तुरी, आणि गल्ली उगवतीला. काकांच्या नकाशात गल्लीच्या अंगाला आली होती न्हाणी.

“गल्लीला पाठ करून बसायचं व्हतं, तर पिंगळी काय वाईट व्हती?” काकू म्हणाली. “तीस वर्षं गाडीतली मान्सं बगितली म्या. एक थोबाड थांबलं न्हाई. आता मान्सांत आनलंव, तर मधी न्हाणी घालायलाव?”

काकांनी न्हाणीच्या रेघेवर आणखी फक्की टाकली.

काकू भांडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सुपात डाळ घेतली, बरोबर न्हाणीच्या मधोमध पोतं अंथरलं आणि गल्लीकडं तोंड करून बसली. समोरच्या घरातली धुरपताबाई बघत उभी राहिली.

“ये की. न्हाणी हाय, पन लाजू नगं.”

धुरपताबाई आली. तिच्यामागं बायनाबाई आली. तिसऱ्या दिवशी तर न्हाणीत बायका मावेनात. डाळ निवडली जात होती की गाव, ते आम्हाला लांबून कळत नव्हतं.

त्या दुपारी काका जेवून आले. पाहतात तो ही गर्दी.

“उठा उठा! न्हाणीय ती!”

“मंग भाऊजी,” धुरपताबाई पदर सावरत म्हणाली, “बायकांच्या न्हाणीत तुमी कामून शिरलाव?”

एवढा मोठा हशा झाला की काका उलट्या पावलांनी, पण दारातूनच, बाहेर पडले. व्हरांड्यात जाऊन तुरींकडं तोंड करून बसले. तुरी डुलत होत्या. काही येत नव्हतं, काही जात नव्हतं. मागून हशाची आणखी एक लाट आली. काकांनी मान वळवली. मग खांदा. मग बसल्या जागी काका अख्खे फिरले आणि तुरींकडं त्यांची पाठ झाली.

काकू हसत होती. डोळ्यांतून पाणी येईतो, सूप मांडीवरून घसरेतो. काका बघतच राहिले. पुढं ते आम्हाला म्हणाले, “लेकाहो, तिचं हसनं येवढं लांब असतंय हे ठावंच नव्हतं. तिकडं मधीच गाडी यायची.”

तेवढ्यात चंद्रभान गवंडी जीपमधून उतरला. खांद्यावर दोरी, कमरेला ओळंबा. त्यानं फक्कीचं घर चहूबाजूंनी पाहिलं. बायकांच्या घोळक्याशी येऊन त्याची अक्कल अडली.

“मालक, हितं काय काढायचं?”

काकांनी पायानं न्हाणीची रेघ पुसली. खोलीची पुसली. उरलेली फक्की घेऊन ते बायकांच्या भोवतीनं फिरले, या खेपेला डोळे उघडे ठेवून.

“ओसरी.”

“लांबी-रुंदी?”

“बसल्यात तेवढी.”

“मंग उठवा त्यांला. दोरी लावतो.”

“त्यांला उठवू नगं. दोरी भायेरून घे.”

“पन खोली बारकी व्हायलीय ना मालक.”

“होऊ दे.”

चंद्रभाननं खुंटी ठोकायला दगड उचलला, तर धुरपताबाईनं हात आडवा केला. गल्लीच्या टोकाकडून केशरबाई येत होती, कडेवर नातू आणि डोक्यावर निवडायच्या ज्वारीची पाटी घेऊन.

“थांब रं बाबा जरा. केसर यायलीय.”

काकांनी काकूकडं पाहिलं. मग वाकून ताजी रेघ पुसली, आणि हातभर बाहेर सरकून नवी ओढायला घेतली.