साडूंचं पिवळं पान

काळजी करण्यात माझ्या साडूंचा हात धरील असा माणूस सोलापुरात झाला नाही, आणि यापुढे होईल असं वाटत नाही. इतर लोक काही घडलं म्हणजे काळजी करतात. साडू काळजी आधी करून ठेवतात, कारण सवडीनं मागून येतं. आणि नाहीच आलं तर ते का आलं नाही, ही काळजी वेगळी. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, इतकी वर्षं या माणसाचा संसार करून अजून मोकळेपणानं हसते, यावरून तिच्या धीराची कल्पना यावी. साडू माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो. मी शाळेत शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात, आणि मास्तर लोकांना जगाची काही कल्पना नसते असं त्यांचं ठाम मत आहे.

पुण्याला जायचं झालं तर गाडी फलाटावर लागण्याच्या पुष्कळ आधी अण्णा फलाटावर लागलेले असतात. कुर्डुवाडीला गाडी थांबली की निम्मा डबा चहाला उतरतो. अण्णा उतरत नाहीत. ते दारात उभे राहतात आणि उतरलेल्या अनोळखी लोकांना हाका मारत सुटतात, "चला, चला ओ, सुटायलीय गाडी." एकदा त्यांचं ऐकून एक गृहस्थ भरला कप टाकून धावत आले. त्यानंतर गाडी इतका वेळ उभी राहिली की चहाच काय, जेवणही झालं असतं. ते गृहस्थ पुण्यापर्यंत समोरच्या बाकावरून अण्णांकडे बघत होते. मी अण्णांना म्हटलं, "कशाला लोकांच्या भानगडीत पडता?" तर म्हणाले, "पण सुटली असती तर?" या 'पण आणि तर'पुढे आजवर कुणाचं काही चाललेलं नाही.

अशा माणसाला देवानं नेमकं सोलापुरात जन्माला घातलं. इथं नळ रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतो, आणि कधी येईल ते सांगून येत नाही. अण्णांच्या घरात दारामागं पिंप, जिन्याखाली पिंप, न्हाणीत दोन आणि गच्चीवर किती ते मी कधी मोजलं नाही. नळ येऊन गेला की इडलीपात्रापासून लोटीपर्यंत सगळं काठोकाठ भरलेलं असायचं. एवढा साठा असूनही पाहुण्याच्या हातावर पाणी अण्णा स्वतः घालणार, कारण पाहुण्याच्या हातात तांब्या दिला तर तो किती सांडेल याचा भरवसा नाही. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा माझी दोनच बोटं भिजली होती. आक्का पदराआड हसत होती.

एका सहकारी संस्थेतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर अण्णांपुढे प्रश्न उभा राहिला की इतकी काळजी आता ठेवायची कुठं. तेव्हा त्यांनी संगणक शिकून एक वेबसाइट काढली. कुठल्या भागात नळ कधी येणार, एवढंच तिच्यावर असायचं. रोज पहाटे ते चावीवाल्यांना, म्हणजे गल्लोगल्ली पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसांना, फोन करायचे आणि मिळालेली बातमी त्या पानावर चढवायचे. पान भडक पिवळं, त्यावर निळी जाड अक्षरं, मधोमध टिपकणाऱ्या नळाचं हलतं चित्र, आणि सगळ्यात खाली अण्णांचा स्वतःचा फोन नंबर: 'शंका असल्यास विचारावे.' लोकांना शंका असायच्याच. अण्णांच्या तोंडात घास आणि कानाला फोन, हे चित्र मी कितीदा पाहिलंय. "जेवू देत नाहीत हो लोक," असं ते कुरकुरायचे आणि पुढचा फोन पहिल्या घंटीला उचलायचे.

ते पान दिसायला भयंकर होतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. पण सारं शहर त्याच्यावर चालायचं. धुणं कधी काढायचं, पाहुण्यांना कधी बोलवायचं, जाऊळ कुठल्या रविवारी करायचं, हे पान बघून ठरायचं. आणि एक गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नव्हती. चावीवाले ज्या क्रमानं चाव्या फिरवतात त्याच क्रमानं अण्णांनी भागांची नावं लिहिली होती, आणि वर्षानुवर्षं तो क्रम हलला नव्हता. त्यामुळे आपल्या भागाचं नाव वाचायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. नळाच्या चित्राखालची तिसरी ओळ आपली, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. रोज घरी जाणारा माणूस दारावरची पाटी वाचून थोडाच आत शिरतो?

अण्णांचा मुलगा पुण्यात वेबसाइट बनवण्याच्याच कामात आहे. त्याला त्या पानाची लाज वाटायची. "बाबा, मोबाइलवर नीट दिसत नाही, रंग डोळ्यांत घुसतो, आणि स्वतःचा नंबर कुणी असा चव्हाट्यावर टाकतं का?" असं म्हणून त्यानं ऐन उन्हाळ्यात, पाडव्याच्या मुहूर्तावर, सगळं नवं करून दिलं. पांढरंशुभ्र पान, नाजूक राखाडी अक्षरं, भागांची नावं अ, आ, इ अशी ओळीनं लावलेली. नळ तेवढा अण्णांच्या हट्टामुळे राहिला. फोन नंबर गेला, त्या जागी एक चौकोन आला: 'तुमची प्रतिक्रिया'. लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, आक्कानं नारळ फोडला, त्यातलं पाणी अण्णांनी भांड्यात धरलं. आम्ही श्रीखंड खाल्लं. आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णांची झोप उडाली.

कारण फोन येईना. ज्या फोननं त्यांना कधी सुखानं जेवू दिलं नाही तो उशाशी गप्प पडून राहिला. "मास्तर, मला एक मिसकॉल द्या बघू, फोन चालू आहे का बघायचंय," असा त्यांचाच मला फोन यायचा, म्हणजे तो चालू होता हे उघड होतं. चौकोनात पहिली प्रतिक्रिया आली ती नुसता अंगठा. अण्णा मोबाइल घेऊन माझ्या शाळेत आले. "हा अंगठा कसला? आवडलं म्हणून, का आम्हाला अंगठा दाखवलाय?" मी म्हटलं, आवडलं म्हणून. "पण नसलं आवडलं तर?" दुसरी प्रतिक्रिया होती, 'छान.' या 'छान'वर त्यांनी दोन दिवस काढले. मनापासून छान म्हणणारा माणूस पुढे काहीतरी लिहितो, नुसतं छान म्हणून उठतो तो परत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग एकानं लिहिलं, 'नवं रूप सुंदर, आता पाण्याचंही रूप बघा, गढूळ येतंय.' एका मुलीनं लिहिलं, 'पिवळं होतं ते बरं होतं, माझ्या आईला चष्म्याशिवाय दिसायचं.' ही अण्णांच्या काळजात जाऊन बसली. ते चहाच्या गाड्यावर उभे राहून अनोळखी माणसांच्या मोबाइलमध्ये डोकवायला लागले, कुणी आपलं पान उघडतंय का ते बघायला. एकानं त्यांना पाकीटमार समजून खिशावर हात दाबला. मुलगा पुण्याहून सांगायचा, "बाबा, लोकांना सवय व्हायला वेळ लागतो." अण्णा मला म्हणायचे, "सवय व्हायच्या आधी सोडून गेले तर? मग मी पहाटे कुणासाठी उठायचं?" हे मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं बोलले नव्हते.

खरी प्रतिक्रिया आली ती चौकोनातून आली नाही, पायी आली. मी त्या सकाळी अण्णांकडेच होतो. साखर पेठेकडच्या एका गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन दारात उभ्या राहिल्या. असा मोर्चा एरवी कचेरीवर जातो. पुढे एक विणकराच्या घरातली म्हातारी होती, घरात तेलुगू बोलणारी, जिला सगळी गल्ली अव्वा म्हणते.

"काय ओ अण्णा," ती शांतपणे म्हणाली, "नळाखालची तिसरी ओळ आमची का नाही?"

"होती," अण्णा म्हणाले.

"तिसऱ्या ओळीला काल लिहिलाव, उद्या सकाळी नळ. नातीनं वाचून दाखवली. मग आम्ही शिळं पाणी सगळं ओतून टाकलो. अंगण धुतलो, गोधड्या धुतलो, बॅरल घासून पालथी घातलो. सकाळधरनं बसलोय. नळ नाही."

नवं पाणी येणार म्हटलं की आधलं शिळं झालं, ते ओतून भांडी घासून ठेवायची, ही सोलापूरच्या घराघरातली रीत. अख्ख्या गल्लीनं ती पाळली होती. तिसऱ्या ओळीत आता दुसराच भाग जाऊन बसला होता, आणि यांचं पाणी अजून दोन दिवस लांब होतं.

"तिथं नाव लिहिलेलं असतं की," मी मध्ये बोललो. आयुष्यात इतकं अप्रस्तुत मी क्वचितच बोललो असेन. अव्वानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"फोन करावं म्हटलं," ती अण्णांना म्हणाली, "तर नंबरच काढून टाकलाव. आम्हाला वाटलं, तुम्हाला आता आमचा कंटाळा आलाय."

अण्णांनी चौकटीला हात टेकला. मला वाटलं, आता यांना धरून बसवावं लागणार. पण ते वळले, दारामागच्या पिंपाचं झाकण त्यांनी उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "घागर आणा इकडं." मग जिन्याखालचं उघडलं, मग न्हाणीतली. मला आणि आक्काला गच्चीवर पिटाळलं. माझी दोन बोटं भिजवणारा माणूस तांब्यामागून तांब्या ओतत होता, आणि सांडलं तरी काही बोलत नव्हता. शेवटी इडलीपात्रही गेलं. बायका गेल्यावर अण्णा पालथ्या पिंपावर बसले आणि घाम पुसत म्हणाले, "आता आपल्याकडं नळ कधी?"

"साइटवर बघा की," आक्का म्हणाली.

संध्याकाळपर्यंत पिवळं पान परत आलं. तोच क्रम, तीच तिसरी ओळ, खाली तोच नंबर. मुलानं पुण्यात बसून मुकाट्यानं केलं. दोन दिवसांनी अव्वाच्या गल्लीत नळ आला तेव्हा पहिली घागर नातीच्या डोक्यावर देऊन तिनं अण्णांकडे पाठवली. त्या घागरीतलं पाणी अण्णांनी कितीतरी दिवस वापरलं नाही. शिळं पाणी ओतून टाकण्याची रीत त्यांनी तेवढ्यापुरती मोडली.

पुढे आक्काचे गुडघे गेले, जिने चढून पाणी भरणं होईना, आणि मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. तिथं नळ चोवीस तास आहे. पहिल्या महिन्यात अण्णांना काळजी कशाची करायची तेच कळेना, असं आक्का सांगायची. पान मात्र त्यांनी सोडलं नाही. अजून पहाटे उठून पुण्याहून इथल्या चावीवाल्यांना फोन करतात. आणि आमच्या भागात पाण्याचा दिवस असला की मला फोन ठरलेला, "मास्तर, नळ आला का? भरलं का सगळं?" मी डोळे चोळत, थोडा वैतागून, "भरतोय हो," म्हणतो.

परवा नळ आला आणि फोन आला नाही. मी एक पिंप भरलं. दुसऱ्याला नळी लावली. पान उघडून बघितलं, तर आमची ओळ जागच्या जागी होती, आजची तारीख होती, सगळं बरोबर होतं. म्हणजे अण्णा पहाटे उठले होते. पण मुलानं लिहिलं असलं तर? हे वाक्य माझ्याच मनात उमटलं आणि मी चपापलो. फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. आक्काही उचलेना. मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. अखेर पलीकडून आवाज आला.

"बोला मास्तर."

"अण्णा, बरे आहात ना? फोन नाही केलात आज."

"मुद्दामच नाही केला, आणि आता हिलाही उचलू दिला नाही," ते म्हणाले. "पानावर सगळं कळतंय, फोनची गरज कुणाला आहे, म्हटलं. एक दिवस न करून बघू. कुणी विचारतंय का." मग म्हणाले, "आली म्हणायची प्रतिक्रिया."

मला चांगलं खडसवायचं होतं त्यांना. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी कान टवकारले असावेत.

"मास्तर, पाणी वाहतंय तुमच्याकडं. नळ चालू ठेवून बोलताय काय?"

पिंप भरून पाणी दारापर्यंत गेलं होतं. मी फोन तसाच कानाला धरून नळ बंद करायला गेलो. खाली ठेवावासा वाटेना.