फुगलेले तीन कपॅसिटर

ताईच्या अकोल्याच्या घरातला जुना कॉम्प्युटर मी उन्हाळ्यात अमरावतीला उचलून आणला, तेव्हा तिच्या सासरच्या माणसांदेखत म्हणालो, "चला, तुमचं भंगार कमी झालं." विनोद होता. माझे विनोद कळायला जरा वेळ लागतो, आणि ताईनं तेवढा वेळ घेतला नाही. लग्नाआधी तिच्या कॉम्प्युटर क्लाससाठी बाबांनी तो घेतला होता. सासरी जाताना ती हट्टानं सोबत घेऊन गेली होती आणि इतकी वर्षं माळ्यावर, कांद्यांच्या शेजारी का असेना, तिनं तो ठेवला होता. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं.

मला ती एकच बहीण. तिचा फोन येत नाही म्हटल्यावर मला घरात करमेना, पण सरळ फोन करून माफी मागावी इतका मी साधा नाही. मी ठरवलं, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, त्यातली गाड्यांच्या शर्यतीची गेम लावायची आणि दिवाळीला तिला बोलवायचं. एकाच कीबोर्डवर आम्ही दोघं खेळायचो, ती बाणांवर आणि मी अक्षरांवर. मी एकदाही जिंकलो नव्हतो.

आधी मदरबोर्ड कोणता आहे ते ओळखायला हवं होतं. त्यावर चिकटवलेला एक ठळक नंबर पाहून मी आठवडाभर इंटरनेट पालथं घातलं. हा बोर्ड फार दुर्मिळ असावा, असं बायकोला ऐटीत सांगितलंसुद्धा. मग जुन्या कॉम्प्युटरांच्या नादी लागलेल्या लोकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. कोणीतरी कळवलं, काका, तो दुकानदाराच्या वॉरंटीचा स्टिकर आहे. खरं नाव कार्डं बसवायच्या पांढऱ्या खाचांच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत छापलेलं निघालं. बोर्ड अगदी सामान्य होता. त्या काळी घरोघरी असायचा तसला.

बिघाडही सामान्यच निघाला. बोर्डावर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यांतल्या तिघांची डोकी फुगून वर आली होती. ते काढून नवे बसवायचे, एवढंच काम. मी उत्साहात ग्रुपवर लिहिलं, "तिघं फुगून बसलेत. म्हातारे झालेत, आता ठेवण्यात अर्थ नाही. उद्या एकेकाला गरम करून उपटून काढतो."

हा मजकूर गेला आमच्या खानदानाच्या ग्रुपवर.

आमच्या खानदानात कोणत्याही दिवशी दोन-तीन माणसं फुगून बसलेली असतातच. मी चहा पिऊन येईपर्यंत धामणगावच्या मामांनी ग्रुप सोडला होता. चुलत वहिनीनं विचारलं होतं, "तिघं कोन कोन, भाऊजी? आमी तर कालच बोललो तुमच्यासंग." आणि तेवढ्यात, इतक्या महिन्यांनी, ताईचा फोन आला.

"मले उपटून फेकतं काय रे? म्हातारी झाली काय मी?"

मला इतका आनंद झाला की शिव्याही गोड लागल्या. म्हटलं, "अवं ताई, कपॅसिटर फुगले. डोक्यावर फुगले."

"कोनाच्या डोक्यावर?"

मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "माह्या कॉम्प्युटरचे?"

"हो."

"अन् तू त्याले हात लावून राह्यला? तुले घरचा फ्यूज बांधता येत नाही! थांब. काई करू नको. मी येते."

दुसऱ्या दिवशी ती बसनं आली. घरात पाऊल ठेवलं, पण बायकोनं दिलेल्या पाण्याला हात लावला नाही. चहा नको, जेवण नको, म्हणाली, बाबांची वस्तू जळू नये म्हणून आली. पदर खोचून माझ्या डोक्यावर उभी राहिली आणि टॉर्च धरला. मी पहिल्या झटक्यात स्वतःचं बोट भाजून घेतलं. दुसरा कपॅसिटर बसवताना ती ओरडली, "पट्टी कोनत्या बाजूले होती, पाह्यलं काय काढताना?" पाह्यलं नव्हतं. कपॅसिटरवरची ती पट्टी वजा बाजू दाखवते, उलटा बसवला असता तर बहुतेक फुटलाच असता. बोर्डावरची खूण तिनंच शोधली.

कॉम्प्युटर सुरू झाला, तेव्हा आम्ही दोघं एकदमच ओरडलो. गेम लागली. ती बाणांवर, मी अक्षरांवर. पहिल्याच वळणावर तिची गाडी कठड्याला धडकली. नंतरच्या वळणांवरही. चष्मा वर-खाली करत ती पडद्याच्या जवळ सरकत होती, आणि बोटं बाणावर पोचेपर्यंत वळण निघून जात होतं. मला वेग कमी करायचं सुचलंच नाही. शर्यत संपली आणि मी जिंकलो होतो. हे व्हावं म्हणून मी लहानपणी देवाला नवस बोललो होतो. आता मला अजिबात आवडलं नाही. ताईचं वय मला तिच्या केसांवरून कधी दिसलं नव्हतं, ते तिच्या गाडीवरून दिसलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कीबोर्ड जुना झाला, ताई. बटनं अडकून राह्यले."

"बटनं ठीक आहेत," ती म्हणाली. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

"लाव अजून एक. अन् बायकोले सांग, माह्या बी पोळ्या टाक म्हना."