विळीच्या पात्यावरच्या रेघा

माझ्या लग्नातली विळी बाबांनी आणि मी मिळून घडवली. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. हुडकेश्वर तेव्हा नागपूरबाहेरचं खेडं होतं आणि आमची भट्टी चिंचेच्या सावलीत होती. लाकडं चिरायच्या आरामशीनची जुनी पट्टी आणि ट्रकचा मोडका कमानपाटा कापून, त्यांचे तुकडे आळीपाळीने रचून बाबा सगळ्याचं एकच पोलाद करीत. घण मी मारायची.

मला पात्यावर रेघा हव्या होत्या, वाऱ्याने तळ्यावर उठतात तशा, आणि एकही पुसट नको होती. बाबा म्हणत, "रेघ घणानं येत नाही वं, सफाईनं येते." प्रत्येक तुकडा कानशीने घासून उजळ करायचा. तापवताना टाकणखार शिंपडायचा, म्हणजे तो वितळून मळ घेऊन बाहेर पडतो. पहिले घाव हलके, मधोमध, मग कडांकडे. घडी घालण्याआधी काळी खपली पुन्हा खरवडायची. आळस केला की रेघ तिथेच तुटते. भात्याचा सूं-सूं आवाज, नारिंगी उजेड, डोळ्यांवर येणारी झापड. वाटायचं, आपण लोखंड नाही, साय दुमडतोय.

हिराकशीच्या आंबट पाण्यातून पातं वर काढलं आणि काळ्या-चंदेरी रेघा उमटल्या. मी हरखून गेले.

सासर धरमपेठेतलं. तिथली भट्टी आजेसासऱ्यांबरोबरच विझलेली, आता हार्डवेअरचं दुकान होतं. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, बापानं गंजलेलं पातं देल्लं का तुले?" आणि विटेच्या भुकटीने घासघासून त्यांनी पातं कोरं केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी नवी नवरी; पातं पुसून विळी जागेवर ठेवली.

उन्हाळ्यात बाबा भेटायला येणार होते. कोरं पातं पाहून त्यांना काय वाटेल, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. ते येणार त्याच दिवशी लोणच्याच्या कैऱ्या आल्या. सासूबाई सकाळपासून विळीवर बसल्या. घरभर आंबट वास, खसच्या पडद्यामागचा गार अंधार, फोडी पडल्याचा टपटप आवाज. सगळं घर पेंगत होतं.

"अवं, हे काय निघून राहिलं?" सासूबाई म्हणाल्या. कैरीच्या आंबटाने पात्यावर एकेक रेघ वर येत होती. त्यांनी बोटाने पुसून पाहिलं. रेघा तशाच.

तेवढ्यात बाबा आले आणि पाणीही न पिता विळीपाशी उकिडवे बसले. कौतुक राहिलं बाजूला, टोकाजवळ तुटलेली एकच रेघ त्यांना दिसली. "विहीणबाई, पोरीनं घण मारला बराबर, पण इथं माझ्या हातून मळ राहिला. हे मी नेतो, दुसरं करून आणतो."

"हिनं घडवलं हे?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. विळीवरचा पाय मात्र त्यांनी उचलला नाही. "मंग तं नेऊच नका, भाऊ. माह्या सुनेच्या हातचं हाय."

घरात आल्यापासून त्या मला 'त्यांची पोरगी' म्हणत, म्हणजे माहेरच्यांची; 'माही सून' आज पहिल्यांदाच. मी फोडींचं टोपलं उचलून आत गेले आणि मनसोक्त रडले.